मुलांचं वेगळं टेबल कशासाठी?

गणपतीची आरती आणि मंत्रपुष्पांजली झाली की शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये जेवणाच्या दोन रांगा लागतात. एकीत मसालेभात, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर. दुसरीत पिझ्झाचे खोके. दुसरी रांग मुलांची. उत्तर अमेरिकेतल्या कित्येक मंडळांत ही सोय इतकी रुळली आहे की नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘किड्स मील’चा वेगळा रकानाच असतो. मुलं उपाशी राहू नयेत, आईवडिलांना चार घास निवांत खाता यावेत, हा हेतू चांगलाच. पण चार वर्षांच्या मुलाला त्यातून एक गोष्ट पक्की कळते: त्या टेबलावरच्या भाज्या आपल्या नाहीत.

हा रकाना काढून टाकावा.

भाजी नाकारणं म्हणजे लाडावलेपण, हा समज आधी दूर व्हायला हवा. साधारण दोन ते सहा या वयात मूल अनोळखी पदार्थाला बिचकतं. उष्टावणानंतर लाल भोपळा मिटक्या मारत खाणारं बाळ दुडुदुडु धावायला लागलं की तोच भोपळा थुंकून टाकतं आणि आई स्वतःला दोष देत बसते. दोष कुणाचाच नसतो. दुधाची चव गोड आणि वनस्पतींतली विषं बहुधा कडू. हाताला येईल ते तोंडात घालण्याच्या वयात कडू चवीचा संशय मुलाचं रक्षणच करत आला असावा. शिवाय कडवटपणा सगळ्यांना सारखा जाणवत नाही. टीएएस२आर३८ या जनुकाचा जो प्रकार वाट्याला आला असेल त्यानुसार ब्रोकोली एकाला साधी लागते, दुसऱ्याला कडू. दोन भावंडं तिच्यावरून भांडतात तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात.

हा संशय फिटतो ओळखीने, आणि ओळख आईच्या पोटातच सुरू होते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही गरोदर स्त्रिया शेवटच्या तिमाहीत तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस प्यायल्या. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या रसात कालवलेलं सीरियल भरवलं, तेव्हा त्यांनी साध्या सीरियलच्या तुलनेत तोंडं कमी वाकडी केली. लंडनमध्ये जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर कोणत्याही घरात करता येईल असा आहे. दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी मुलाला फारशी न आवडणारी एक भाजी १४ दिवस रोज नुसती चाखायला द्यायची. अखेरीला त्या मुलांना ती भाजी जास्त आवडू लागली होती आणि तिचं खाणंही वाढलं होतं. ज्या घरांना फक्त आहाराविषयीची माहिती दिली होती, तिथे एवढा फरक पडला नाही. एरवी घराघरांत काय होतं? तिसऱ्या-चौथ्या नकारालाच ‘आमच्याकडे भेंडी चालत नाही’ असा निकाल लागतो.

मराठी ताटात या चौदा दिवसांची सोय पूर्वीपासून आहे: पानाची डावी बाजू. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. सगळं चिमूटभर, चमचाभर. उजव्या बाजूच्या वाटीभर भाजीचं दडपण येतं, तसं डाव्या बाजूचं येत नाही. बिटाची चमचाभर कोशिंबीर रोज डोळ्यांना दिसते, भाताला तिचा गुलाबी रंग लागतो, एखाद्या दिवशी बोटावरून ती जिभेवर जाते. परदेशातल्या स्वयंपाकघरात तीन खणांची प्लेट आली, एका पदार्थाचं जेवण आलं आणि डावी बाजू पहिल्यांदा गेली. तिच्यासोबत मुलाला भाजीची ओळख करून देणारी सर्वांत सोपी जागाही गेली.

परंपरेतली एक गोष्ट मात्र इथे जपून वापरायला हवी. पानात टाकायचं नाही, हा संस्कार अन्नाचा मान राखणारा आहे. मोठ्यांनीच वाढलेला ढीग संपवण्याची सक्ती त्याच्या नावाखाली झाली, की मूल भाजीचा रागच करू लागतं. पेनसिल्व्हेनियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीतल्या २७ मुलांना दोन सूप दिली गेली. एकाच्या वेळी ‘संपव बरं’ असा तगादा होता, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोलत नव्हतं. तगादा नसताना मुलं जास्त प्यायली आणि त्यांनी नावंही फार कमी ठेवली. तेव्हा वाढतानाच दोन चमचे वाढावेत, म्हणजे टाकायला फारसं उरतच नाही.

‘भाजी खाल्लीस तर गुलाबजाम’ हा सौदाही तसाच. लीन बर्च यांच्या १९८४ सालच्या प्रयोगात एखादं पेय पिण्याबद्दल मुलांना बक्षीस मिळालं, तेव्हा त्या पेयाची आवड उलट घटली. एक घास चाखल्याबद्दल छोटंसं स्टिकर देऊन भाजीची आवड वाढल्याचं लंडनच्या नंतरच्या अभ्यासांत दिसलं आहे, हे खरं. पण गुलाबजामाची लाच दिली की भाजी म्हणजे सोसायची गोष्ट आणि गोड म्हणजे तिची भरपाई, हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. पालकाची प्युरी पास्त्याच्या सॉसमध्ये लपवण्याने पोटात पालक जातो, एवढाच त्याचा फायदा. पालक कसा दिसतो, कसा लागतो हे मुलाला कळतच नाही. त्यापेक्षा कोथिंबीरवडी बरी. तिच्यात काय आहे ते तिच्या नावातच आहे, आणि हिरवा रंग लपत नाही.

पण मंडळाच्या हातात खरी ताकद आहे ती पंगतीची. याच बर्च यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक कार्यकारिणीने वाचावा असा आहे. बालवाडीत ज्या मुलाला एक भाजी आवडते, त्याला दुसरी भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर जेवायला बसवलं. शिकवण नाही, आग्रह नाही. चार दिवसांत त्या मुलाची निवड सोबत्यांच्या भाजीकडे झुकू लागली. घरी जेवणारं एकुलतं एक मूल आणि थकलेले दोन मोठे यांच्याकडून हे होणं कठीण. मंडळात मात्र तीन वर्षांच्या मुलाशेजारी बसायला भेंडी खाणारी आठ वर्षांची ताई असते. पिझ्झाच्या टेबलावर तिचा काही उपयोग होत नाही.

सण तर भाज्यांचेच आहेत. ऋषिपंचमीच्या भाजीत मक्याच्या कणसाचे तुकडे असतात; मुलं आधी तेच उचलतात आणि शेजारचा दोडका निदान पाहतात. गौरीच्या नैवेद्याला अनेक घरांत सोळा भाज्या लागतात. भोगीच्या भाजीत गाजर, पावटा, ओले हरभरे, वांगं.

स्वयंसेवकांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तरंही आहेत. भाजी तिखट नको. मुलांसाठी मिरची घालण्याआधीच वाटा काढून ठेवता येतो. दाण्याचा कूट आणि तीळ वेगळ्या वाटीत, चिठ्ठी लावून ठेवावेत. शेंगदाण्याची ॲलर्जी सर्वांना माहीत असते, पण २०२३ पासून अमेरिकेच्या कायद्यात तीळही प्रमुख ॲलर्जीकारकांच्या यादीत आहे. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात कच्च्या गाजराचे तुकडे अडकू शकतात, म्हणून गाजर किसलेलंच हवं. काही मुलांना, विशेषतः ऑटिझम असलेल्यांना, अन्नाचा स्पर्श आणि वासही असह्य होतो; त्यांच्यासाठी आईवडील घरून डबा आणतील आणि त्याबद्दल त्यांना कुणी प्रश्न विचारू नये. बाकीच्यांना वरणभात, तूप, पोळी आहेच. वरणभात खाऊन कुठलंही मूल उपाशी घरी जाणार नाही.

वर्षाच्या चार-पाच सणांत मिळून चौदा वेळा चव देता येत नाही. रविवारच्या मराठी शाळेत येते. मधल्या सुट्टीत चिप्सच्या पाकिटांऐवजी किसलेल्या गाजराची एक मोठी वाटी, लिंबू पिळलेली, चिमूटभर साखर-मीठ, कूट बाजूला. पाळीपाळीने एकेका घराने आणायची. ज्याला हवं त्याने चमचाभर घ्यायचं, नको त्याने शेजारी बसायचं. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यापासून भोगीपर्यंत, सुट्ट्या वगळूनही, चौदा रविवार होतात. भोगीची भाजी त्यानंतर वाढायची आहे.