उचकी आणि तिचे उपाय

उचकी लागली की घरातील वडील माणसे म्हणतात, "कोणीतरी तुझी आठवण काढीत आहे!" मग एकेक नाव घेतले जाते, ज्या नावाला उचकी थांबेल, त्यानेच आठवण काढली असे ठरते. समजूत गोड आहे, पण खरी नव्हे. छाती व पोट यांमधील श्वासपटल एकाएकी आकुंचन पावते, हवा आत ओढली जाते आणि लगेच स्वरयंत्राची फट मिटते. तोच उचकीचा आवाज होय.

श्वास रोखणे, घोट घोट पाणी पिणे, हे उपाय साधे व निरुपद्रवी आहेत. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अहवालानुसार, २० रुग्णांपैकी १९ जणांची उचकी चमचाभर कोरडी साखर गिळताच थांबली. तथापि, पुष्कळदा उचकी काही न करताही थांबते. म्हणून सारे श्रेय उपायाला देऊ नये. पाठीमागून येऊन दचकविणे मात्र मला मान्य नाही. दुसऱ्यास भिवविणे हा उपचार नव्हे. उचकी ४८ तासांहून अधिक टिकली, तर तिचे कारण निराळे असू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न घालविता डॉक्टरांकडे जावे. आजीच्या उपायाचा मान राखावा, तशी त्याची मर्यादाही ओळखावी.