मोठी गाडी, जुनी गाडी आणि माझी लाल वही

मागच्या महिन्यात शाळेतल्या एक सहशिक्षिका मला हळूच विचारत होत्या, "आमचे हे जुनी मोठी गाडी घ्यायची म्हणताहेत. नव्या छोट्या गाडीपेक्षाही स्वस्त पडतेय. तुमच्याकडे आहे ना तशी? घेऊ का?" मधली सुट्टी संपली आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते आज इथं पूर्ण करते, कारण हा प्रश्न आता बऱ्याच घरांत निघतो.

आमची गाडी २०११ ची. पेट्रोलवर चालणारी, आपोआप गिअर बदलणारी, कातडी सीटची, छताला उघडणारी काच असलेली. नवी होती तेव्हा तिची किंमत सव्वीस लाख होती म्हणे. आम्ही २०२२ मध्ये ती तीन लाख चाळीस हजारांना घेतली. आमच्या ह्यांचा त्यात जीव होता, आणि त्याला कारणही होतं. माझे सासरे हयातभर एका कारखानदाराकडे ड्रायव्हर होते. साहेबांची काँटेसा त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली, पण सासूबाई त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. आईला एकदा तरी मोठ्या गाडीत मागच्या सीटवर बसवायचं, हे ह्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न. मग मी काय बोलणार? मोडलेल्या ठेवीत माझ्या अर्धवेळ नोकरीचेही पैसे होते.

गाडी दिसायला झकास होती. इंजिनाचं ऑईल बदलून घेतलं, पॉलिश केलं, नारळ फोडला. बस्स, सर्व्हिसिंग झालं असं आम्ही समजलो.

२०२३ च्या मे महिन्यात नाशिकहून ठाण्याला लग्नाला निघालो. मागे आई आणि आमचा आठ वर्षांचा मुलगा, पुढे आम्ही दोघं. कसारा घाट उतरताना पुढे ट्रकची रांग होती, त्यामुळे सारखा ब्रेकवर पाय. अर्ध्या घाटात ह्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. पेडल मऊ होऊन थेट खाली जात होतं. ह्यांनी पेडल भराभर दाबत ठेवलं, गिअर खालचा घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डाव्या कडेला लावली. काही झालं नाही, पण माझे हात अर्धा तास थरथरत होते. गाडी थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागले, तरी आम्ही ती टोचन लावूनच पुढे नेली आणि लग्नाला टॅक्सीनं गेलो.

मेकॅनिककाकांनी बॉनेटखालच्या छोट्या डबीतलं ब्रेक ऑईल दाखवलं. काळ्या चहासारखं! म्हणाले, "वहिनी, हे ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. मग पेडल दाबलं तरी वाफच दाबली जाते, ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं." तीन-चारशे रुपयांचं ऑईल! पहिल्या मालकानं ते कधी बदललं, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी सरळ म्हटलं, "अहो, विकून टाका ही गाडी." हे गप्प. बोलल्या त्या आई. "तुझे सासरे रोज सकाळी साहेबांच्या गाडीखाली वाकून बघायचे. ती दुसऱ्याची होती म्हणून. आपली झाली, म्हणून बघायचं सोडायचं का गं?"

त्या वाक्यानं गाडी राहिली, आणि माझी लाल वही सुरू झाली. सांगायचा मुद्दा असा, की जुन्या मोठ्या गाडीची किंमत उतरते, पण तिचा खर्च उतरत नाही. तीन लाखांना घेतली तरी तिचे पार्ट सव्वीस लाखांच्या गाडीचेच. म्हणून बिघडण्याची वाट न पाहता तारखेनं कामं करायची.

दर रविवारी. गाडी सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून ऑईलची पातळी बघायची. कूलंटच्या पांढऱ्या बाटलीतली रेघ बघायची. इंजिन गरम असताना तिचं झाकण कधीही उघडू नका, कुकरची शिटी न काढता झाकण उघडण्यासारखं आहे ते. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला, तर गळती कळते.

दर पंधरा दिवसांनी. टायर थंड असताना हवा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या कागदावर छापलेला असतो. डिकीतलं पाचवं चाक विसरू नका.

वर्षातून एकदा. इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टर. "आम्ही कुठं फार फिरवतो?" हे कारण चालत नाही. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. हवेचा फिल्टर आणि एसीचा फिल्टरही बघून घ्यावा. आमच्या एसीच्या फिल्टरमधून कडुलिंबाचा मूठभर पाला निघाला! पावसाळ्याआधी छताच्या काचेच्या कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोकं साफ करून घ्यावीत. ती तुंबली की पाणी गालिच्याखाली उतरतं आणि तिथं विजेच्या तारा असतात.

दर दोन वर्षांनी. ब्रेक ऑईल. हे मी वहीत लाल शाईनं लिहिलंय. कूलंटची मुदत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. त्यात बोअरचं पाणी मुळीच घालू नका. गिझरमध्ये क्षार साचतात, तसेच तेही रेडिएटरमध्ये साचतात. आणि वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकत्र करू नका.

वयाप्रमाणे. पहिला प्रश्न, इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की साखळी? बेल्ट रबराचा असतो आणि मुदत संपली की न सांगता तुटतो. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनच जातं. शेवटचा कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं धरून चाला. बेल्टबरोबर पाण्याचा पंपही बदलून घ्यावा, मजुरी एकदाच पडते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत गिअरचं ऑईलही जुनं होतं. ते पुस्तकात दिलेल्या जातीचंच हवं.

टायरच्या नक्षीवर भुलू नका. कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण सालं होतं २०१४! रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या होत्या. आणखी एक, आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप ते डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नसतात. सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे पाइप आणि वॉशर बघायला सांगा.

आता पैशांचं. पहिल्या वर्षी चार टायर ३४ हजार, बेल्ट आणि पंप ३१ हजार, ब्रेकचं काम ११ हजार, ऑईल, फिल्टर, कूलंट मिळून १६ हजार. एकूण ९२ हजार! म्हणजे गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. तेव्हापासून दरमहा पाच हजार वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकते. ते गाडीचेच, दिवाळीतही हात लावायचा नाही. बचतही होते, बरं का. पुष्कळ पार्ट दुसरीच कंपनी बनवते आणि गाडीच्या कंपनीच्या खोक्यात घालून विकते. तोच पार्ट त्या मूळ कंपनीच्या खोक्यात स्वस्त मिळतो. मात्र ब्रेकच्या बाबतीत नकली माल नको. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. "मॅडमना काय कळतंय" असं म्हणणारे दुसऱ्या खेपेला नीट बोलतात.

कागदपत्रंही वहीत हवीत. विमा, पीयूसी आणि आरसीची तारीख. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी आरटीओत तपासून घेऊन, शुल्क भरून ती वाढवावी लागते. आमच्या गाडीला हे २०२६ मध्ये आलं. घेण्याआधी हा हिशेब जरूर करा.

तर सहशिक्षिकाबाईंना माझं उत्तर असं. गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे हातात राहणार असतील, जुनी बिलं मिळणार असतील आणि घरात कुणीतरी वही ठेवणार असेल, तर खुशाल घ्या. नाहीतर छोटी गाडी बरी. आम्ही दोघांनी एक ठरवून ठेवलंय. एकाच दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, की रडत न बसता ती विकायची.

तोवर रविवारी सकाळी डिपस्टिक आमचा मुलगा बघतो आणि आई ओट्यावरून विचारतात, "पुठ्ठा बघितलास का रे?" गेल्या दिवाळीत त्यांना घेऊन आम्ही तोच घाट उतरलो. खालच्या गिअरमध्ये, सावकाश. आई मागच्या सीटवर चक्क झोपल्या होत्या.