अफू गेली, कर्ज राहिले

अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये मोठी लढाई थांबली आणि एप्रिल २०२२ मध्ये तालिबान सरकारने अफूच्या लागवडीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२२ साली २ लाख ३३ हजार हेक्टरांवर असलेली अफू पुढच्या वर्षी १० हजार ८०० हेक्टरांवर आली. नशा हराम, तेव्हा ही बातमी वाचून आपल्याला समाधान वाटणे साहजिकच आहे. पण तेवढ्याने गावात अमन येत नाही, असे आम्हांला वाटते.

अफू ही तिथल्या गरिबाची पत होती. हिवाळ्यात घरात दाणा उरला नाही, की व्यापारी पुढच्या पिकावर आगाऊ रक्कम देई. या व्यवहाराला तिथे 'सलाम' म्हणतात. फिकहमधला 'सलम' तो हाच : किंमत आज, धान्य हंगामात. शेतकऱ्याची नड भागावी म्हणून असलेल्या या सोयीचा अफूवाल्यांनी फास केला. ते बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दर देत आणि पीक बुडाले, की येणे वाढत जाई. असे कर्ज फेडता न आल्याने कोवळ्या मुली निकाह लावून देऊन टाकल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

बंदीनंतर बऱ्याच शेतांत गहू आला. २०२३ च्या हिशेबाने हेक्टरी अफूचे सुमारे १० हजार डॉलर होत, गव्हाचे ७७०. ज्यांच्या घरात जुना साठा होता, त्यांना चढ्या भावाचा फायदा झाला. वाट्याने कसणारा भूमिहीन मात्र उघडा पडला. मे २०२४ मध्ये बदख्शानात अफू उपटणाऱ्या पथकांशी गावकऱ्यांची झटापट होऊन माणसे दगावली. अखेर काबूलहून शिष्टमंडळ बोलणी करायला गेले.

तंटे मिटवायला तिथे जिरगा आहे, कालव्याचे पाणी वाटायला मीराब आहे. चाळीस वर्षांच्या लढायांतही या चाली टिकल्या. पण जिरग्यात बायका सहसा बसत नाहीत, आणि कर्जापायी घर सोडते ती मुलगी.

म्हणून आमच्या मते जिरग्यापुढचे पहिले काम जुन्या कर्जांचा निवाडा हे आहे. अडलेल्या कर्जदाराला सवड द्यावी, ही शिकवण सूरह बकरामध्ये आहेच. मुलगी वसुलीत धरता येणार नाही, हेही तिथेच जाहीर व्हावे. उरलेले काम गावाच्या हातात नाही. हेरातचे केशर, कंदाहारची द्राक्षे, आपल्या आमटीतला हिंग त्याच देशात पिकतो; पण अफू वर्षभर घरात टिकते, द्राक्षे चार दिवसांत नासतात. त्यांना रस्ता, शीतगृह आणि उघडी सरहद्द लागते. ती दिली नाही, तर बंदी पाळणाऱ्यालाच सजा झाली असे होईल.