शिंगरू

परवा रत्नागिरीत एक विद्वान ‘किशोरवयीन मुलांचे प्रश्न’ या विषयावर दीड तास बोलले. मुलं आरशासमोर उभी राहतात, उलट बोलतात, एकटी एकटी राहतात, वगैरे. मी मागच्या खुर्चीत. तेवढ्यात चहा आला. आणणारा असेल पंधराचा. विद्वानांनी मान वर न करता कप घेतला. घोट घेऊन म्हणाले, ‘पोऱ्या, साखर कुठाय रे?’

दीड तास किशोर किशोर चाललेलं, आणि समोर उभा राहिला तो पोऱ्या!

घरी येऊन कोश काढला. किशोर म्हणजे मुळात घोड्याचं शिंगरू. अथर्ववेदापासून हाच अर्थ. मग भागवताच्या टीकाकारांनी कृष्णाच्या वयाची वाटणी केली : पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर. पाठ्यपुस्तकातली पौगंडावस्था ती हीच. तिच्या मुळाशी ‘पोगंड’, म्हणजे अवयवात उणंअधिक असलेला, अपुरा. इंग्रजाचा ‘टीनएजर’ निदान आकड्यावरून आला. तेरा ते एकोणीस मोजा, झालं.

आमचं वय कुणी मोजलं? याच जिल्ह्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातले बाबासाहेब. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री, बाजार उठल्यावर लग्न लागलं. वणंदची रमाई तेव्हा नऊ वर्षांची. सगळ्याच जातीत तेव्हा लहानपणी लग्नं होत, मान्य. पण रमाईचं किशोरवय कुठल्या पुस्तकात आहे, दाखवा.

मी स्वतः नववी सोडून मुंबईत एका खानावळीत राबलो. मालक म्हणे पोऱ्या, गिऱ्हाईक म्हणे पोऱ्या. मिशी फुटली तरी पोऱ्याच. इकडं गावात माझ्या साठीच्या बापाला खोताघरचं दहा वर्षांचं कार्टं अरेतुरे करायचं. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. जीभ तीच राहिली.

आता सरकारी किशोर बघा. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला. चौदाच्या आतल्याला कामावर ठेवायचं नाही, पण घरच्या धंद्यात शाळा सांभाळून ‘मदत’ चालेल. चौदा ते अठरा हा किशोर. त्याला धोक्याची कामं सोडून कुठंही जुंपा. शिंगरू परत गाडीला! शब्द असा आपल्या मुळावर आला. शिंगरू मेलं हेलपाट्यानं ही म्हण काय उगाच पडली?

आणि आपलं काय? आपल्या ठरावात ‘युवक’ असतो, पण शिबिरात सतरंज्या टाकायला, पाणी भरायला ‘पोरं’ लागतात. अध्यक्ष झालेला कार्यकर्ता ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारतो, हे मी या कानांनी ऐकलंय. राग येईल. येऊ दे. पण त्या पोराचं नाव काय, एवढं तरी सांगा.

त्या दिवशी सभा सुटल्यावर मी त्या चहावाल्या मुलाला जिन्यात गाठलं. म्हटलं, नाव काय रे तुझं?

तो दचकला. म्हणाला, ‘साखर कमी पडली काय साहेब?’