फ्लॅट बघायला सोमवारी सकाळी जा

घर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे, साइट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी साडेआठला जा आणि बिल्डरच्या गाडीतून नाही, बसने जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही सोबत न्या.

आम्ही पुण्यात वाघोलीच्या बाजूला घर घेतलं ते रविवारी बघूनच. सेल्स ऑफिसातल्या नकाशात सोसायटीसमोर २४ मीटरचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडं काढलेली. राहायला आलो तेव्हा तो रस्ता गेटपासून दोनशे पावलांवर संपत होता. पुढे पत्रे ठोकलेले आणि पत्र्यांपलीकडे ज्वारी. वापरायला उरली ती गावची जुनी वाट. सकाळी त्या एका वाटेवर पाण्याचा टँकर, काँक्रीटचा मिक्सर आणि शाळेची व्हॅन समोरासमोर येतात, आणि मुलं कडेच्या चिखलात उतरून उभी राहतात. माझी मुलगी पावसाळ्यात चपला हातात घेऊन नगर रोडपर्यंत जाते, बूट दप्तरात ठेवते आणि स्टॉपवर पाय पुसून घालते.

'डीपी रोड' हा शब्द ऐकला की आपल्याला डांबर दिसतं. खरं तर विकास आराखड्यातली ती नुसती रेघ असते. जागा आधी महापालिकेच्या ताब्यात यावी लागते, पैसे देऊन किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क, देऊन. मधला एक जमीनमालक अडला की रस्ता वर्षानुवर्षं तिथेच थांबतो. २०२०च्या बांधकाम नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका एफएसआय, म्हणजे प्लॉटवर करता येणारं बांधकाम, जास्त, म्हणून रुंद रस्त्याची जाहिरात मोठ्या अक्षरांत होते. वाघोली महापालिकेत आली २०२१ मध्ये, आणि टॉवर त्याच्या कितीतरी आधी उभे राहिले होते. आधी माणसं, मग रस्ता, आणि बस सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा आहे आणि तो बदलायलाच हवा.

म्हणून बुकिंगआधी महापालिकेच्या पथ विभागात विचारा की रस्त्याची किती जागा ताब्यात आली आहे. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत तीस दिवस. तेवढं थांबा, घर कुठे पळून जात नाही. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, हे रेरा या घरखरेदीच्या कायद्यात लिहिलेलं आहे. ब्रोशर टाकून देऊ नका. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालं तर त्याच कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. नागरी सुविधा कधी मिळतील हे बिल्डरने बुकिंगच्या वेळी सांगावं असं हा कायदा म्हणतो, तिथे उदाहरणं आहेत पाणी, सांडपाणी आणि वीज. बसचं नाव नाही. म्हणून ते आपणच विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

जे आधीच राहायला आलेत त्यांनीही गप्प बसू नये. एप्रिल २०२२ पासून पुण्यात घराच्या मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. साठ लाखांच्या घरामागे साठ हजार रुपये. वाहतुकीचे पैसे आपण चावी हातात येण्याआधीच भरलेले असतात, मग बस मागताना संकोच कसला? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात. तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा, आणि सुनावणीला दोघं-तिघं तरी जा.

आम्ही शेजारच्या सोसायट्यांना बरोबर घेऊन शहराची बस चालवणाऱ्या पीएमपीएमएलला द्यायला एक तक्ता करतो आहोत. कोण, किती वाजता, कुठे जातं, एवढंच त्यात आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आग्रह धरला की वॉचमन आणि घरकामाच्या मावशी यांची नावंही हवीत, कारण बसची गरज त्यांना आपल्याहून जास्त आहे. आमच्याकडच्या मावशी पहाटे सहाला केसनंदहून चालत निघतात. तक्त्यात पहिली ओळ त्यांची आहे.