गाळणीचा लिलाव

नदीपात्रातील वाळूला सरकारदप्तरी एकच ओळख आहे: गौण खनिज. तिचे मोजमाप ब्रासने होते आणि तिच्यावर स्वामित्वधन आकारले जाते. 2023 साली राज्य शासनाने 600 रुपये ब्रास या दराने वाळू देण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हाही वाद झाला तो महसुलाचा आणि वाळूमाफियांचा. परंतु ज्या गावांच्या पाणीपुरवठा योजनेची विहीर त्याच पात्रात किंवा काठावर आहे, त्यांच्या दृष्टीने ही वाळू म्हणजे एक पैसाही खर्च न होता अहोरात्र चालणारे जलशुद्धीकरण केंद्र आहे. त्या केंद्राचाच लिलाव होतो आहे, ही गोष्ट कोणाच्याही हिशेबात आली नाही.

काठच्या विहिरीवर पंप सुरू झाला की भोवतालची भूजलपातळी खाली जाते आणि नदीचे पाणी तळातून व काठातून विहिरीकडे ओढले जाते. सांडपाण्यातून आणि गुरांच्या शेणातून नदीत आलेले परजीवीही त्याबरोबर प्रवासाला निघतात. त्यांतला क्रिप्टोस्पोरिडियम सर्वांत चिवट. त्याची कवचबंद पुटी अवघी 4 ते 6 मायक्रॉनची असते. वाळूच्या कणांमधील फटी तिच्याहून पुष्कळ मोठ्या, तेव्हा चाळणीत खडा अडकावा तशी ती अडकत नाही. आणि वाळूचा कण व पुटी या दोहोंवर सामान्यतः ऋणभार असल्याने ती कणाला सहजी चिकटतही नाही. तिला अडवतो तो मुख्यतः तळाच्या पृष्ठभागावरचा काही सेंटीमीटरांचा थर, म्हणजे बारीक गाळ, कणांवर चढलेला लोहाचा लेप आणि सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत पापुद्रा. त्यातून निसटलेल्या पुटींसाठी खालची वाळू असते. ती जितकी जाड, तितकी त्यांची वाट लांब. पूर आला की वरचा थर खरवडला जातो, तळात साचलेल्या पुटी पुन्हा पाण्यात मिसळतात आणि चढलेल्या पाण्याचा विहिरीकडील रेटाही नेमका त्याच वेळी वाढतो. पूर ओसरल्यावर गाळ पुन्हा बसतो. जेसीबीने आणि सक्शन पंपाने उपसलेली वाळू मात्र अशी आठवड्या-पंधरवड्यात परत येत नाही. दख्खनच्या पठारावर वाळू संपली की खाली उघडा पडतो तो भेगाळलेला काळा पाषाण, आणि भेग ही गाळणी नव्हे.

भेगाळ खडक किती दगा देतो ते अमेरिकेतील टेक्सास राज्यात ब्रशी क्रीक येथे जुलै 1998 मध्ये दिसले. विजेच्या तडाख्याने सांडपाण्याच्या पंपिंग केंद्राची यंत्रणा बंद पडली आणि मैला ओढ्यात गेला. वस्तीच्या विहिरी 100 फुटांहून खोल, सिमेंटचे अस्तर असलेल्या आणि ओढ्यापासून पाव मैलाहून अधिक दूर होत्या. तरीही खालच्या चुनखडकातून परजीवी तेथे पोहोचले आणि सुमारे 1,300 ते 1,500 माणसे आजारी पडली. चुनखडकातील वाटा पाण्याने झिजून रुंद झालेल्या असतात, बेसाल्टचे तसे नाही, हा भेद मान्य केला तरी खोली आणि अंतर म्हणजेच सुरक्षितता, हा अभियंत्यांचा आवडता समज त्यानंतर टिकू नये.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींची सारी भिस्त टीसीएल पावडरीवर आहे. लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरिन असलेल्या पाण्यात ही पुटी दहा दिवसांहून अधिक तग धरू शकते. ओटी चाचणी क्लोरिन शिल्लक आहे की नाही एवढेच सांगते, जिवाणूंची बाटली जिवाणूच दाखवते. त्यामुळे पाणी कागदोपत्री शुद्ध ठरते आणि घरात मूल अतिसाराने झिजते. आफ्रिका व आशियातील 7 देशांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एक वर्षाखालील बालकांच्या गंभीर अतिसाराच्या कारणांमध्ये रोटाव्हायरसखालोखाल या परजीवीचा क्रमांक लागला होता. या देशांत भारतही होता. पाणी खळखळून उकळले तर पुटी मरते खरी. पण त्याला सरपण लागते, किंवा गॅसची टाकी. ते ज्याला परवडते त्याच्याकडे बहुधा फिल्टरही असतो! वाळूचा नफा ठेकेदाराला, स्वामित्वधन सरकारला, आणि या व्यवहाराचा उरलेला खर्च शेतमजुराने बुडालेल्या रोजातून आणि दवाखान्याच्या बिलातून भरायचा, अशी ही वाटणी आहे.

1993 च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास मनाई केली होती. त्यामागची चिंता उद्भव आटण्याची होती. त्यात काय झिरपते याची नव्हती. वाळूघाट ठरवतानाही हीच अर्धी दृष्टी कायम आहे. म्हणून यापुढे घाटाचा प्रस्ताव गावात येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी महसुलाचा आकडा बाजूला ठेवून भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून दोन मापे लेखी मागावीत: पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती आज वाळूचा थर किती जाड आहे, आणि उपसा झाल्यावर किती उरेल. ती ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय पात्रात एकही वाहन उतरू देऊ नये.