फुलदाणी त्यांची, कंदील आपला

आमच्या एका भाचीने स्वीडनहून तिथल्या जुन्या काचेच्या फुलदाण्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिले, "मामा, बघा हे लोक कसे जपतात! आपल्याकडे असलं काही नव्हतंच." पहिले वाक्य मला शंभर टक्के मान्य. दुसऱ्यावर मात्र भांडायचे आहे. भाचीशी नव्हे, कारण हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकत आलो आहे.

आधी त्यांचे श्रेय त्यांना देतो. स्वीडनमधला कोस्टाचा काच कारखाना १७४२ चा. ऑरेफोर्सच्या कारखान्याने १९१६ साली सिमोन गाटे आणि १९१७ साली एडवर्ड हाल्ड अशा दोन चित्रकारांना नोकरीवर घेतले, आणि १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या काचेने नाव कमावले. फिनलंडच्या आल्वार आल्टो यांची नागमोडी काठाची फुलदाणी १९३६ ची. ती सुरुवातीला लाकडी साच्यात फुंकून करत, आणि आजही ती बनते, विकली जाते.

आता आपले बघा. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर हिंडून एकेक पैसा जमवला, टिळकांनी पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेत काचेचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले, आणि तिथे शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणी गेले. ऑरेफोर्सने गाटेंना घेतले त्याच १९१६ साली ओगले बंधूंनी आपला काच कारखाना काढला. कराडजवळ औंध संस्थानात त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली. वडिलांच्या नावावरून त्यांनी कंदिलाला 'प्रभाकर' म्हटले. एका पैशाच्या वर्गणीवर काचेची भट्टी पेटवल्याचे दुसरे उदाहरण कुठल्या देशात असेल तर मला जरूर कळवा.

यावर मला हमखास ऐकवले जाते की कंदील ही वापरायची वस्तू, तिच्यात कला कसली? शिवाय घाटही परदेशातून आलेला. अहो, कोस्टाचे पहिले काच फुंकणारे बोहेमियाहून आणलेले होते, त्याचे काय? आणि वापराच्या वस्तूला नावे ठेवता, तर स्वीडनमध्ये १९१९ साली ग्रेगोर पाउल्सन यांनी पुस्तकच लिहिले की रोजच्या वस्तू अधिक सुंदर हव्यात. त्यांचा सगळा अभिमान त्यावरच उभा आहे.

कंदिलाची काच नीट बघितली आहे का कोणी? ज्योतीच्या भोवती तिचे पोट फुगीर, कारण काच ज्योतीला फार जवळ आली की तडकते. खाली-वर ती निमुळती, म्हणजे वारा बेताने आत येतो आणि धूर वर निघतो. काच घडवल्यावर ती हळूहळू निववावी लागते. घाई केली की आत ताण राहतो आणि पावसाचा एक थेंब पडला तरी चर्र करून चीर जाते. खटका दाबला की काच उचलली जाते, वात पेटते, काच परत जागेवर बसते. आमच्या लिंबागणेशात वीज नव्हती तेव्हा संध्याकाळी राखेने काच पुसायचे काम पोरांचे. हात आत जाईल एवढेच तोंड, म्हणून लहान हाताला मान! हे सगळे ज्याने कुणी जुळवून आणले, त्याला विचार करता येत नव्हता असे कोण म्हणेल?

मग फरक कुठे पडला? फरक नोंदीत. फिनलंडमध्ये रीहीमाकीला काचेचे आख्खे संग्रहालय आहे. फुलदाणी कुणी रेखाटली आणि कोणत्या साली, हे तिथे सांगता येते. १९५१ साली मिलानच्या प्रदर्शनात तापिओ विर्कला यांना तीन सर्वोच्च पारितोषिके मिळाली, तेही तिथल्या शाळकरी पोरांना ठाऊक असावे. त्याच देशाचे काय फ्रांक यांनी पुढे वाद घातला की वस्तूवर रेखाटणाऱ्याचे नाव मिरवूच नये. मला तो वाद पटतो. पण नाव लपवायचे की दाखवायचे हे ठरवायला आधी ते कुठेतरी लिहिलेले लागते. आपल्याकडे मालकांची नावे तरी राहिली. भट्टीसमोर उभे राहून काच फुंकणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो?

आणि आता तेच कंदील ढाब्यावर आणि हॉटेलात दिवा बसवून टांगतात, खाली सेल्फी काढतात. असो. भंगारात जाण्यापेक्षा ते बरे.

ब्लॉगवरच्या मित्रांना आणि विशेषतः आमच्या नातलगांना एक काम सांगतो. माळ्यावर, गोठ्यात, जुन्या वाड्याच्या खुंटीवर कंदील असेल तर टाकीवर आणि काचेवर काय लिहिले आहे ते वाचा, फोटो काढा, कोणी व कुठून आणला ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या. तळेगाव किंवा ओगलेवाडीच्या भट्टीवर काम केलेले कोणाचे आजोबा असतील तर त्यांचे नाव, गाव आणि काम मला कळवा. मी ते इथे जसेच्या तसे लिहीन. भाचीलाही कळवले आहे, तिच्या सासरी कऱ्हाडला चौकशी कर म्हणून.